आवड आणि सवड

‘छंद’ हा आपल्या भाषेतील मोठा गमतीचा शब्द आहे. मुलाला पतंगांचा छंद लागला म्हणजे घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि तोच शब्द वृत्तशास्त्राच्या पुस्तकावर दिसला म्हणजे विद्यार्थी निमूटपणे लघुगुरू मोजू लागतात. संस्कृतात या शब्दाला इच्छा असाही अर्थ आहे आणि पद्याचे माप असाही आहे. स्वच्छंदी मनुष्य मनाला येईल तसा वागतो; छंदोबद्ध कविता मापाबाहेर एक मात्राही जाऊ देत नाही. मनाची मोकळी ओढ आणि मोजून घातलेले बंधन ही दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात सुखाने नांदत आहेत. त्याच्या शेजारी ‘नोकरी’ हा फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द ठेवून पाहावा. त्याचा अर्थ लावण्यास कोशाची गरज पडत नाही. तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्वांना सारखाच कळतो.

या दोन शब्दांचा संसार एका घरात मांडू पाहणारी माणसे आपल्यात थोडी नाहीत. दिवसभर बँकेत कर्जाची प्रकरणे पाहून संध्याकाळी सतारीची गवसणी सोडणारे गृहस्थ, शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर जलरंगांची पेटी उघडणाऱ्या शिक्षिका, संगणकाच्या कंपनीतून रात्री नऊला सुटून दहानंतर कथा लिहावयास बसणारे तरुण, यांपैकी एखादे माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतेच. त्यांची अडचण कानावर आली की आपण चटकन म्हणून जातो, ‘आवड तेथे सवड!’ म्हण खोटी नाही. परंतु पुष्कळ म्हणींप्रमाणे तीही निम्मा हिशेब सांगून गप्प बसते. आवड मनातून येते, हे ठीक. सवड कोठून येते? दिवसाचे तास काही आवडीच्या प्रमाणात वाढत नाहीत. तेव्हा मिळालेली प्रत्येक सवड कोणत्या तरी दुसऱ्या कामातून, झोपेतून, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढलेली असते. ती कोठून काढावी आणि कोठून काढू नये, एवढाच आमच्या या लेखाचा विषय आहे.

पदवी घेऊन नोकरीस लागलेले आमचे विद्यार्थी दोनचार वर्षांनी भेटावयास येतात, तेव्हा त्यांतला एखादा चहा संपत आला की जरा घुटमळत विचारतो, ‘सर, नोकरी सोडून पूर्ण वेळ लिहू का?’ प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत असते. नोकरी ही कलेची वैरीण आहे, ती एकदा वाटेतून दूर झाली की आत अडून राहिलेला झरा आपोआप खळखळून वाहू लागेल, ही ती समजूत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे पिढ्यान्‌पिढ्या घोकणाऱ्या समाजात नोकरीला नावे ठेवण्यास फारसे धैर्यही लागत नाही. अशा प्रसंगी आम्हांस चार्ल्स लॅमची आठवण होते.

लॅम १७९२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत कारकून म्हणून लागला, तो १८२५ मध्ये निवृत्त झाला. तेहेतीस वर्षे त्याने एका मेजाशी काढली. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्यास शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा तिकडे कंपनीच्या वह्यांत आकडे मांडीत बसलेल्या कारकुनांपैकी एक हा इंग्रजी निबंधवाङ्मयाचा लाडका लेखक होता. आपले खरे ग्रंथ कचेरीच्या फळ्यांवर आहेत, अशी थट्टा तो स्वतःच करी. त्या मेजाविषयीच्या तक्रारी त्याच्या पत्रांतून जागोजाग सापडतात. असे असूनही १८२३ च्या आरंभी, बँकेत कारकुनी करणारा त्याचा कविमित्र बर्नार्ड बार्टन हा नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा विचार करू लागला, तेव्हा लॅमने त्याला कळवळून परावृत्त केले. बँकेस चिकटून राहा, तीच तुला सांभाळील, अशा आशयाचे ते पत्र आहे. आणि पुस्तके विकणाऱ्यांच्या मर्जीवर पोट भरणाऱ्या लेखकांचे हाल त्यात मोठ्या पोटतिडकीने सांगितले आहेत. बार्टनने सल्ला मानला. १८४९ मध्ये मरण आले तोपर्यंत तो बँकेतच होता.

ही मसलत भित्र्या माणसाची होती, असे कोणास वाटेल, तर त्याने लॅमचे घर पाहावे. १७९६ मध्ये त्याची बहीण मेरी हिच्या हातून वेडाच्या भरात आईची हत्या झाली. एकवीस वर्षांच्या या कारकुनाने बहिणीचा भार आपल्यावर घेतला आणि तो जन्मभर वाहिला. ज्या नोकरीचा त्याला वीट येई, तिच्या पगारावर ते दोन माणसांचे घर उभे होते, आणि त्या घरातच त्याचे लेखन झाले. ‘एलिया’च्या निबंधांचा पहिला संग्रह १८२३ मध्ये निघाला, म्हणजे नोकरी चालू असतानाच. पुढे पेन्शन मिळून सगळा दिवस हाती आला, तेव्हा बास्तीलच्या तुरुंगातून पुष्कळ वर्षांनी एकाएकी बाहेर आलेल्या कैद्याची उपमा त्याने स्वतःस दिली. मोकळीक कशी वापरावी हेच त्याला सुचेना. आणखी काही वर्षांनी त्याने एका पत्रात लिहिले की, कामाच्या ओझ्यापेक्षा काम नसणे हेच अधिक वाईट; रिकामे मन स्वतःलाच खाऊ लागते. झरा अडविणारा धोंडा बाजूला झाला होता. पाणी काही पूर्वीपेक्षा जोराने आले नाही.

यावरून नोकरी सोडणारे सगळेच चुकतात, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. काही कला सबंध आयुष्य मागतात. ख्यालगायकीची तालीम रविवारच्या सुटीत पुरी होत नाही, आणि रंगभूमीवर उपजीविका करणाऱ्याला दौरे चुकवून भागत नाही. पण ज्यांची कला एवढी कडक सावकारी करीत नाही, त्यांना पगार एक फार मोलाची वस्तू देत असतो, आणि ती त्यांच्या ध्यानात येत नाही. पोटासाठी केलेल्या कलेला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहावे लागते. मालिकेचे लेखन करणाऱ्याला, पुढच्या आठवड्यात सासूने घर सोडावे की सुनेने, हे दुसरे कोणी सांगतात. नोकरदाराच्या छंदाला हा जाच नाही. त्याची कविता कोणी छापली नाही, तर त्याच्या घरची चूल विझत नाही. म्हणून त्याला वाटेल तितके थांबता येते.

‘बी’ कवींचे उदाहरण घ्यावे. नारायण मुरलीधर गुप्ते या नावाने वऱ्हाडात त्यांनी कारकुनी केली, आणि कविता लिहिल्या त्या एका अक्षराच्या नावाने. १८७२ मध्ये जन्मलेल्या या कवीचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह निघाला तो १९३४ मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर. ओंजळच ती; तीत फुले मावणार किती? परंतु त्यांतील ‘चाफा’ पुढे लता मंगेशकरांच्या कंठातून घरोघरी गेला आणि आजही त्याचा वास उडालेला नाही. ज्याला दरमहा अमुक कविता पुरवून भाकरी मिळवावयाची असती, त्याला इतके कमी लिहिणे परवडले नसते.

गणितासारख्या रुक्ष मानलेल्या प्रांतातही हेच दिसते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. अंकांशी खेळणे हा त्यांचा छंद. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करावी, तर उत्तर पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघाले तरी फार तर सात पावलांत याच मुक्कामी यावे लागते. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडले. मोठ्या पदव्यांच्या काही गणितज्ञांनी त्यांच्या कामाला पोरखेळ मानले. परंतु शाळामास्तरांची नोकरी त्या गणितज्ञांच्या अभिप्रायावर अवलंबून नव्हती, म्हणून खेळ चालू राहिला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर याने अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. शाळेतील नोकरी संपून तोवर तेरा वर्षे झाली होती.

कापरेकरांच्या छंदाला कागद आणि पेन्सिल यांखेरीज काही लागत नव्हते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. छंद निवडताना, म्हणजे तो आपल्याला निवडतो तेव्हा, आपल्या नोकरीची वेळ आणि घराच्या भिंती यांचा विचार करणे कमीपणाचे नव्हे. पहाटे पाचला तबला वाजविणारा आणि पहाटे पाचला चित्र काढणारा यांत शेजाऱ्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. मुंबईच्या लोकलगाडीत टाळ घेऊन भजन करणाऱ्या मंडळींनी हा प्रश्न किती सुंदर सोडविला आहे, ते पाहावे. जो वेळ दुसऱ्या कोणाचाच नव्हता, जो नुसता लोंबकळण्यात जावयाचा, तोच त्यांनी विठ्ठलाच्या नावे जमा केला. कचेरीचा एक क्षण त्यात गेला नाही आणि घराचाही गेला नाही. याच्या उलट, धन्याच्या वेळात आणि धन्याच्या कागदावर खंडकाव्य लिहिणारे कारकूनही आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या काव्यात काही गुण असेलही. पण खिडकीपुढे ताटकळत उभे राहिलेल्या माणसाला त्या गुणाची किंमत भरावी लागते, आणि ती त्याने का भरावी?

वेळ बांधून घेण्याच्या बाबतीत अँथनी ट्रॉलप याचा हात धरणारा कोणी झाला नाही. त्याने ब्रिटिश टपालखात्यात १८३४ पासून १८६७ पर्यंत नोकरी केली. योगायोग असा की, तीही तेहेतीस वर्षेच भरते. नोकरीत तो नावापुरता नव्हता. ब्रिटिश टपालखात्यातील रस्त्यावरच्या पत्रपेटीची प्रथा १८५२ मध्ये इंग्लंडच्या खाडीतील बेटांवर सुरू झाली, ती त्याच्या शिफारशीने. असे असून त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतील पुष्कळशा नोकरीत असतानाच. युक्ती साधी होती. पहाटे साडेपाचला मेजाशी बसावयाचे, घड्याळ पुढे ठेवावयाचे, आणि दर पंधरा मिनिटांस अडीचशे शब्द उतरवावयाचे. न्याहारीची वेळ होते तो दिवसाचे लेखन संपलेले असे. प्रतिभेची वाट पाहणे त्याला, मेणबत्तीवाल्याने स्फूर्तीची वाट पाहण्याइतकेच हास्यास्पद वाटे. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले. त्यातील हे घड्याळ पाहून पुष्कळ रसिक नाराज झाले, आणि त्याच्या कीर्तीलाही उतरती कळा लागली. सरस्वती घड्याळाच्या ठोक्यावर कशी येईल? आमच्या मते रसिकांचे चुकले. रोज ठरल्या वेळी दार उघडे ठेवणाऱ्याकडे ती कधी तरी येते. सवड मिळेल तेव्हा दार उघडू म्हणणाऱ्याचे दार गंजून बसते. छंद या शब्दातील माप ते हेच.

आजच्या नोकरदाराला ट्रॉलपचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही, हे आम्ही जाणून आहो. त्याची कचेरी संध्याकाळी त्याच्या मागे घरी येत नसे. आज ती खिशातल्या दूरध्वनीतून जेवणाच्या ताटापर्यंत येते. शिवाय जाण्यायेण्याचे दोन-तीन तास वेगळे. ज्याची पाळी आठवड्यागणिक बदलते, त्याला ‘पहाटे उठा’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. त्याने रोजचा तास न धरता आठवड्याचे तीन तास धरावेत. पण ते धरावेत आणि सोडू नयेत. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ या दोषापासून वाचावयाचे, तर एक छंद आणि एक वेळ एवढे पथ्य पुरे आहे.

येथपर्यंतचा उपदेश पुस्तकांतून पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु ट्रॉलपच्याच आत्मचरित्रात एक छोटासा मजकूर आहे, त्यावर उपदेशकांची नजर फारशी ठरत नाही. पहाटे साडेपाचला त्याला उठवीत असे कोण? त्याच्या पदरी एक म्हातारा मोतद्दार होता. धन्यास वेळेवर जागे करणे आणि त्याची कॉफी आणून देणे, हे त्याचे काम. त्याबद्दल त्याला वर्षास पाच पौंड जादा मिळत. इतक्या वर्षांत कॉफीस एकदाही उशीर झाला नाही, असे ट्रॉलप लिहितो, आणि आपल्या यशाबद्दल आपण इतर कोणाहीपेक्षा या माणसाचे अधिक ऋणी आहो, असेही मोकळेपणाने सांगतो. धनी साडेपाचला लिहावयास बसे, याचा अर्थ म्हातारा त्याच्याही आधी उठत असे. त्या सवडीचे खरे उगमस्थान घड्याळात नसून त्या म्हाताऱ्याच्या मोडलेल्या झोपेत होते.

आमच्या घरांतून तो म्हातारा कोण आहे? याचे उत्तर देण्यास फार विचार करावा लागत नाही. पहाटे रियाझाला बसलेल्या गृहस्थांपुढे चहाचा पेला येतो. मुलांना हळू आवाजात उठविले जाते, कारण ‘बाबांचे चालले आहे’. दारावरची घंटा, गॅसची टाकी, सासूबाईंचे औषध, हे सर्व त्या बंद दाराच्या अलीकडेच अडविले जाते. गृहस्थ बाहेर येऊन म्हणतात, ‘आवड असली की सवड मिळतेच.’ मिळते खरी. ती देणारीला विचारावे की, तुझी आवड काय होती? लग्नाआधी ती व्हायोलिन वाजवीत असे, हे कधी कधी माळ्यावरची पेटी खाली काढताना मुलांना कळते. आता तर ती स्वतःही नोकरी करते. म्हणजे पतीला नोकरी आणि छंद यांचा मेळ घालावयाचा असतो, आणि पत्नीला नोकरी आणि घर यांचा. तिच्या हिशेबात छंदाचा रकानाच आखलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल की, स्त्रियांची प्रतिभा कामातूनच फुलली. जात्यावरच्या ओव्या पाहा, बहिणाबाई चौधरी पाहा. जरूर पाहावे. खानदेशातील या शेतकरी स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांच्या तोंडून कविता उमटल्या. जात्याने दोन्ही हात अडकविले होते, तोंड तेवढे मोकळे होते, आणि त्या मोकळ्या राहिलेल्या एका अवयवाने त्यांनी मराठीला एक अमोल लेणे दिले. पण त्यांतील ज्या कविता सोपानदेवांनी आणि घरातल्या नातलगाने उतरून ठेवल्या, त्याच उरल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. स्वतःच्या कवितांचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. ज्यांच्या घरी कोणी कवी मुलगा नव्हता, अशा किती जणींच्या ओव्या पिठाबरोबर सांडून गेल्या असतील! जात्यावरच्या ओवीचे गोडवे गाताना जाते जड असते, याचा विसर पडू नये. ती ओवी सवडीतून आलेली नव्हती. सवड नाकारली गेली असतानाही आली, एवढेच तिचे वैभव.

म्हणून नोकरी आणि छंद यांचा तोल साधला की नाही, हे एका माणसाच्या दिनचर्येवरून ठरविता येत नाही, असे आमचे मत आहे. तो हिशेब घराचा आहे. ज्या घरात एकाची सतार रोज वाजते आणि दुसरीचे व्हायोलिन माळ्यावर असते, त्या घरात तोल साधलेला नसून, तराजूचे एक पारडे कोणीतरी हाताने उचलून धरले आहे. याला उपाय फार गहन नाही. सोमवार-बुधवारची पहाट त्याची, तर मंगळवार-गुरुवारची तिची. त्या दिवशी चहा त्याने करावा, घंटेला त्याने उठावे, आणि ‘आईचे चालले आहे’ हे वाक्य मुलांच्या कानांना सवयीचे व्हावे. त्याच्या सतारीचे तास निम्मे होतील, हे खरे. पण ‘बी’ कवींची एक ओंजळ आपणांस पुरली. यांच्याही चार गती कमी झाल्याने संगीताची हानी होणार नाही.

जो विद्यार्थी नोकरी सोडू का म्हणून विचारतो, त्याला आम्ही आता लॅमची गोष्ट सांगतो, आणि मग एक प्रश्न उलट विचारतो: तू लिहावयास बसतोस, तेव्हा घरात जागे कोण असते? बहुतेक जण उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबतात. ट्रॉलपच्या म्हाताऱ्याचे पाच पौंड निदान पुस्तकात नोंदले गेले. आपापल्या घरातील ही नोंद ज्याने त्याने आज रात्रीच करावी, आणि उद्याचा गजर आपल्या हाताने लावावा.